बाजारातील मूल आणि त्याचे वाहन

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे भाजीपाल्याच्या गाड्या खाली होऊ लागल्या, की चाकांचा एक निराळाच संसार तेथे जागा होतो. परगावाहून आलेले ट्रक, गाळ्यांकडे पाठ करून मागे सरकणारे टेम्पो, तीनचाकी मालरिक्षा, हमालांच्या हातगाड्या, पोती वाहणाऱ्या दोन चाकांच्या ट्रॉल्या. मालाच्या प्रकृतीप्रमाणे प्रत्येकाला आपापले वाहन मिळालेले आहे. टोमॅटोला क्रेट आहे, पालेभाजीला पाटी आहे, धान्याला पोते आहे आणि त्या त्या बारदानाला साजेशी गाडीही आहे. वाहन नाही ते एकाच ओझ्याला. हे ओझे म्हणजे कामावर आलेल्या बाईच्या कडेवरचे मूल.

अशा बाया बाजारात थोड्या नाहीत. कोणी कांदा-लसूण निवडायला येते, कोणी झाडलोट करते, कोणी पडलेला पाला वेचते. सर्वांत मोठा वर्ग किरकोळ भाजी विकणाऱ्या बायांचा. त्या अंधारात येतात, दोन-चार गाळे हिंडून माल घेतात, वाटणीच्या टेम्पोत पाट्या चढवतात आणि दिवस उजाडायच्या आत आपापल्या पेठेतील, उपनगरातील जागेवर जाऊन बसतात. घरी मूल सांभाळणारे कोणी असेल तर ठीक. नसेल तर मूल बरोबर येते. रिकाम्या गोणपाटांच्या ढिगावर निजलेले वर्षा-दीड वर्षाचे मूल आणि आईच्या पदराचे टोक धरून चिखलातून चालणारे त्याचे तीन-चार वर्षांचे भावंड, हे दृश्य कोणत्याही मोठ्या बाजाराला अपरिचित नाही. त्यात धोका आहे हे सांगायला तज्ज्ञ नको. मागे सरकणाऱ्या टेम्पोच्या चालकाला आरशात जेवढे दिसते, त्याच्या खालच्या पातळीवर ही मुले वावरत असतात.

ओझ्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढमापनाच्या कोष्टकांप्रमाणे दोन वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन सुमारे १२ किलो आणि चार वर्षांच्या मुलाचे सुमारे १६ किलो असते. गरिबाघरचे मूल याहून हलके भरते, ही समाधानाची गोष्ट नव्हे. पाठीवरच्या पोत्याचे वजन कमी व्हावे म्हणून हमाल संघटनांना प्रदीर्घ लढा द्यावा लागला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली आणि त्या आकड्यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. एका हातात पाटी आणि कडेवर मूल घेऊन हिंडणाऱ्या स्त्रीच्या ओझ्याची मोजणी मात्र कोणी केलेली नाही, कारण त्या ओझ्याची हमाली कोणालाच द्यावी लागत नाही.

मुलाला चाकांवर बसवण्याची कल्पना मुळात श्रीमंतांची. इंग्लंडात १७३३ च्या सुमारास विल्यम केंट या वास्तुविशारदाने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शेळीने किंवा लहान तट्टाने ओढावयाची एक नक्षीदार गाडी केली, असा इतिहास सांगितला जातो. तिचा उपयोग बागेत फिरण्याचा, म्हणजे करमणुकीचा. पुढे एकोणिसाव्या शतकात गाडी ढकलण्याची झाली, आणि १८८९ साली विल्यम रिचर्डसन या अमेरिकन गृहस्थाने बैठक उलटसुलट फिरवता येईल अशा बाबागाडीचे पेटंट घेतले. एकाच गाडीचे दोन उपयोग व्हावेत, या विचाराची ती ठळक सुरुवात मानता येईल. तथापि ही सारी वाहने अवजड होती. ज्या घरात ती ठेवायला ओसरी आणि ढकलायला दाई होती, त्याच घरासाठी ती होती.

हा प्रकार बदलला तो ओवेन मॅक्लारेन या निवृत्त विमान अभियंत्याने. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या घडीच्या रचनेवर त्याने काम केले होते. विमान हवेत गेले की चाके पोटात घडी होऊन जातात, उतरताना पुन्हा बाहेर येतात. मॉस्कोहून आलेल्या आपल्या मुलीची जड बाबागाडी हाताळताना उडालेली तारांबळ त्याने पाहिली आणि विमानाच्या चाकांचे तेच तत्त्व छत्रीसारख्या मिटणाऱ्या ॲल्युमिनियमच्या गाडीला लावले. १९६५ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला आणि १९६७ पासून गाडी बाजारात आली. वजन जेमतेम सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आत. एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात गाडी घेऊन बसमध्ये चढणे यामुळे प्रथमच शक्य झाले. बाबागाडी दाईच्या हातून आईच्या हातात आली ती या घडीमुळे.

परंतु घडीलाही किंमत असते. २००९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत याच नावाच्या सुमारे दहा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण उघडझाप करताना बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा तक्रारी आल्या होत्या. उपाय साधा होता. बिजागरीवर कापडी आच्छादन बसवायचे होते. चाळीस वर्षे वापरात असलेल्या वस्तूतही अशी त्रुटी राहून जाते, हे ‘एकात दोन’ आणि ‘एकात तीन’ अशा गाड्यांच्या जाहिराती वाचताना विसरता कामा नये. जितकी रूपांतरे, तितके सांधे. आणि जितके सांधे, तितक्या बोटे सापडण्याच्या जागा.

पाश्चात्त्य देशांत या गाड्यांची पुढची पायरी आली ती दुसऱ्या अपत्याच्या गरजेतून. धाकटे गाडीत बसते, थोरले निघताना ऐटीत चालते, आणि अर्ध्या वाटेवर त्याचे पाय दुखू लागतात. मग गाडीच्या मागे दोन चाकांची एक फळी जोडण्याची युक्ती निघाली. त्या फळीवर थोरल्याने उभे राहायचे आणि दांडीला धरायचे. काही रचनांत तीच फळी सुटी करून घसरगाडीसारखी किंवा छोट्या तीनचाकीसारखी चालवता येते. म्हणजे एकच वस्तू प्रसंगी वाहन होते, प्रसंगी खेळणे. कल्पना गंमतीची वाटली, तरी ती ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न मार्केट यार्डात पदराला धरून चालणाऱ्या मुलाचाच आहे.

रूपांतरक्षम वाहनाचा विचार आपल्याकडे नव्हता असेही नाही. पांगुळगाडा ही वस्तू मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तीन लाकडी चाके, उभी चौकट आणि हाताशी आडवी दांडी, एवढाच त्याचा संसार. मूल त्याला धरून उभे राहते, ढकलत चालते, आणि चालता येऊ लागले की त्याच गाड्यावर बाहुली, भांडी, प्रसंगी धाकटे भावंड बसवून ओढते. जत्रेत मिळणारा हा गाडा गावचा सुतार करून देत असे आणि मोडला तर तोच दुरुस्त करत असे. मूल मधोमध बसवून पायांनी ढकलायचा जो प्लॅस्टिकचा गोल वॉकर अलीकडे घरोघर दिसतो, त्यावर कॅनडाने २००४ साली बंदी घातली, कारण त्यात बसलेले मूल वेगाने जिन्याकडे जाते. पांगुळगाड्यात मूल गाडीच्या आत नसते, बाहेर उभे असते. हात सोडला की गाडा आणि मूल वेगळे होतात. निनावी सुतारांची ही समज थोडी नव्हे.

पुणे शहराने मुलांच्या वाहतुकीसाठी आणखी एक रचना स्वीकारली होती. ते सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते तेव्हा दांडीवर बसवलेली छोटी बैठक आणि मागच्या कॅरियरवर थोरले मूल, ही मध्यमवर्गीय कुटुंबाची रीत होती. पुढे लुना आली, स्कूटर आली, आणि मूल चालकाच्या पायांपुढे उभे राहू लागले. आजही बहुसंख्य पुणेकर बालकांचे खरे वाहन दुचाकी हेच आहे. केंद्र सरकारने २०२२ च्या फेब्रुवारीत मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून चार वर्षांखालील मुलास चालकाशी बांधणारा पट्टा, शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा सक्तीची केली. एक वर्षाने ती अमलात आली. पट्टा बांधलेले मूल शोधू जाता किती आढळतात, याचा अनुभव कोणत्याही चौकात घ्यावा. ज्या शहराच्या परिसरात स्कूटर, रिक्षा, ट्रक आणि मोटारी तयार होतात, ज्या शहरात १९६६ पासून वाहनांच्या चाचणीची राष्ट्रीय संस्था आहे, त्या शहराने मुलासाठी वाहन मात्र आखले नाही, हे थोडे विचित्रच.

मग परदेशी धर्तीची बाबागाडी बाजारात आणून सोडली तर काम भागेल काय? येथे चाकाचा प्रश्न येतो आणि तो साध्या यामिकीचा आहे. घडीच्या बाबागाडीचे चाक साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे साडेसात सेंटिमीटर त्रिज्येचे असते. खड्ड्याची कड पाच सेंटिमीटर उंच असेल, तर ते चाक नुसते पुढे ढकलून वर चढवायला त्यावरील भाराच्या जवळजवळ पावणेतीनपट जोर लागतो. दुकानात मिळणाऱ्या लहान मुलांच्या सायकलीचे ३० सेंटिमीटरचे चाक घेतले, तर तोच जोर भाराच्या सव्वापटीच्याही आत येतो. आणि भाजीच्या हातगाडीला असते तसे मोठ्या सायकलीचे चाक असेल, तर भाराच्या दोनतृतीयांशाहून कमी. अडथळा त्रिज्येहून उंच झाला, की चाक कितीही ढकलले तरी चढत नाही. गाडी उचलावीच लागते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथाची कड जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर उंच असावी असे म्हटले आहे. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेला पदपथही उताराची सोय नसेल तर बाबागाडीला भिंतीसारखाच. महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले, तेथे बाबागाड्या दिसतात. गुलटेकडीच्या चिखलात त्या दिसत नाहीत, यात मातांचा मागासलेपणा कोठेही नाही.

तेव्हा आरंभ बाबागाडीपासून न करता हातगाडीपासून करावा, हे अधिक शहाणपणाचे ठरेल. ३० सेंटिमीटरची दोन चाके, कारण ती कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळतात आणि पंक्चर काढणारा कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. बैठक कापडी गादीची नको. कुजलेल्या पाल्याचे पाणी तिच्यात मुरते. खाटेला विणतात तशी नायलॉनच्या नवारीची बैठक पाण्याने धुता येते आणि तुटली तर घरी विणता येते. मूल उतरले की बैठकीची पाठ आडवी पडून दोन क्रेट राहतील एवढा सपाट तळ व्हावा. येताना मूल, जाताना माल, किंवा दोन्ही. थोरल्यासाठी मागे पायरी हवी, पण कोठे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १६ किलोचे मूल आसाच्या मागे वीतभर अंतरावर उभे राहिले आणि पुढचे धाकटे आईने उचलून घेतले, तर गाडी त्याच क्षणी मागे उलटते. दांडीला जड पिशव्या टांगल्या असता घडीच्या गाड्या उलटतात त्या याच कारणाने. पायरी आसाच्या वर किंवा किंचित पुढेच असली पाहिजे, मग आईच्या पावलांना जागा थोडी कमी मिळाली तरी चालेल.

ब्रेकचे तर अधिकच महत्त्व आहे. आईमाता मंदिराकडून गंगाधाम चौकाकडे येणारा उतार अवजड वाहनांच्या अपघातांमुळे साऱ्या शहराला माहीत झाला आहे. पायाने लावायचा ब्रेक दोन्ही हातांत पाट्या असलेली बाई लावायला विसरणार. विमानतळावरील सामानाच्या गाडीत दांडी दाबून धरली तरच चाके फिरतात, हात सुटला की अडतात. तशी योजना येथे असावी. मुलाच्या जिवाची जबाबदारी आईच्या स्मरणावर टाकणारे यंत्र, मग ते कितीही स्वस्त असो, सदोषच समजले पाहिजे.

आता किमतीचा विचार. मुलाचे वाहन ही अर्थशास्त्रदृष्ट्या मोठी चमत्कारिक वस्तू आहे. ती टिकाऊ असते, पण तिची गरज टिकाऊ नसते. गाडी दहा वर्षे चालेल, मूल तिच्यात दोन वर्षे बसेल. घसारा वर्षांवर वाटायचा तर प्रत्येक वर्षाच्या वाट्याला भारी रक्कम येते आणि गरीब कुटुंब ती वस्तू घेतच नाही. रूपांतरक्षमतेचे खरे समर्थन येथे आहे. तीच गाडी पुढे चार वर्षे मालासाठी उपयोगी पडणार असेल, तर मुलाच्या नावावर पडणारा खर्च अल्प होतो, आणि घरातील पुरुषालाही तो पटतो. सधन घरात रूपांतर ही चैन असते. भाजीवालीच्या घरी तिच्याशिवाय खरेदीच होणार नाही.

शासनाच्या कोष्टकांना मात्र असे दुहेरी रूप मानवत नाही. जकातीच्या वर्गीकरणात बाबागाडी ८७१५ या शीर्षाखाली वाहनांच्या प्रकरणात येते, तर मुलांच्या तीनचाक्या आणि चाकांची खेळणी ९५०३ या शीर्षाखाली खेळण्यांत. खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्हही सक्तीचे झाले; नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट मिळाली, म्हणजे पांगुळगाडा करणारा सुतार नोंदणी करील तर वाचला. सकाळी मुलाला वाहून नेणारी, दुपारी त्याचे खेळणे होणारी आणि एरवी वांगी वाहणारी गाडी कोणत्या शीर्षाखाली बसवायची, हे ठरवताना कोणत्याही कारकुनाची तारांबळ उडेल. आयात रोखून देशी उद्योग वाढवण्याचे धोरण समजण्यासारखे आहे. परंतु मोकळ्या झालेल्या बाजारात देशी कारखानदार बहुधा सधन घरासाठीच माल काढतो, कारण जाहिरात तेथेच पोहोचते. मार्केट यार्डातील मागणी ही गरज असूनही अर्थशास्त्राच्या भाषेत मागणी ठरत नाही. तिच्यामागे क्रयशक्ती नाही.

ही क्रयशक्ती कोठून यावी? येथे कोणी सहज म्हणेल, की गाडीचा खटाटोप कशाला, पाळणाघर काढा. म्हणणे रास्त आहे आणि पाळणाघराची जागा कोणतीही गाडी घेऊ शकत नाही. पण दोन अडचणी आहेत. पहिली कायद्याची. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यावर पाळणाघराची सक्ती केली. प्रसूतिलाभ अधिनियमाच्या २०१७ च्या दुरुस्तीने ती पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर आली. २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या कामगार संहितांनीही विचार केला तो आस्थापना धरूनच. बाजारात कांदा निवडणाऱ्या बाईची आस्थापना कोणती? आज या गाळ्यावर, उद्या त्या. आणि भाजीवाली तर स्वतःच स्वतःची मालक. दुसरी अडचण घड्याळाची. बालवाडी किंवा अंगणवाडी उघडते तेव्हा बाजाराचा भर ओसरलेला असतो. पहाटे चारला उघडणारे पाळणाघर काढले, तरी त्या अंधारात दोन मुले घेऊन तेथवर पोहोचायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

मालक कोण हे सांगता येत नाही म्हणून कामगाराला काहीच मिळू नये, हा तिढा मार्केट यार्डाला नवा नाही. हमालांच्या बाबतीत तो सुटलेला आहे. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने जे लढे दिले, अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत माथाडींची जी संघटना बांधली, त्या चळवळींच्या रेट्यातून माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा महाराष्ट्राचा १९६९ चा अधिनियम उभा राहिला. मालक अनेक असोत; मंडळ एक असावे. मजुरी मंडळातून जावी आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही घेऊन भविष्यनिधी, रजा, बोनस यांची सोय व्हावी, ही त्यातील युक्ती. देशातील असंघटित श्रमाच्या कायद्यांत तिच्या तोडीची कल्पना विरळा. ती युक्ती बाजारातील मुलांपर्यंत ताणता येणार नाही असे कोणी दाखवून दिलेले नाही. आवारात येणाऱ्या मालावर बाजार समिती शुल्क घेतेच. त्यातील अंश मुलांच्या सोयीसाठी राखून ठेवणे हा औदार्याचा भाग नसून आवार सुरक्षित ठेवण्याच्या कर्तव्याचा भाग आहे. गाडी प्रत्येकीने विकत घ्यावी असेही नाही. प्रवेशद्वारापाशी अनामत ठेवून ती घ्यावी आणि जाताना परत करावी, अशी व्यवस्था झाली तर दहा वर्षे टिकणारी गाडी दहा वर्षे वापरात राहील आणि घसाऱ्याचा वर सांगितलेला तिढाही सुटेल.

यावर ‘फुकटची वस्तू कोण जपतो?’ हा ठरलेला आक्षेप येईल. त्याला उत्तर पुण्यातच आहे. हमाल पंचायतीने १९७४ साली सुरू केलेले ‘कष्टाची भाकर’ हे उपाहारगृह धर्मादाय म्हणून चालले नाही. स्वस्त आणि पोटभर भाकर, पण तिचे दाम मोजून, असा त्याचा व्यवहार राहिला. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या बायांचे उदाहरण तर गाडीच्या अधिक जवळचे आहे. पाठीवर गोणी घेऊन हिंडणाऱ्या कचरावेचक स्त्रिया २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत दारोदार कचरा गोळा करू लागल्या, तेव्हा ढकलगाडी हे त्यांच्या कामाचे हत्यार झाले. हत्यार झाल्यावर माणूस ते जपतो. आणि ज्याच्या हातात ते असते, त्यालाच त्यातील दोष आधी कळतात. दांडी किती उंच असावी, चाक कोठे रुतते, हे आराखडा काढणाऱ्यापेक्षा गाडी ढकलणारी बाई अधिक नेमके सांगते.

म्हणून मुलांच्या गाडीचा पहिला नमुना अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत झाला, तरी तो प्रदर्शनात मांडण्याऐवजी एखादा पावसाळा भाजीपाला विभागात फिरवला पाहिजे. दहा-वीस गाड्या पुरेत. गाडी किती वेळा उलटू पाहते, मूल किती वेळ बसून राहते, थोरले पायरीवर उभे राहते की तिच्यावरून उड्या मारते, बाई मुलाला उतरवून तिच्यात कोबी भरते काय, हे सारे टिपून ठेवावे. कोबी भरला तर रागावण्याचे कारण नाही. त्या दिवशी मूल कोठे होते एवढे मात्र विचारावे. आणि आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट आधीच ठरवावी लागेल. बाजार संपल्यावर या गाड्या ठेवायच्या कोठे? आवारात गाळा धान्याला मिळतो, कांद्याला मिळतो, रिकाम्या बारदानालाही मिळतो. मुलांच्या वीस गाड्यांना कुलूप लावण्याजोगी एक शेड लागेल, आणि बाजार समितीकडे पहिला अर्ज तिच्यासाठी करावा लागेल.